ट्रेलर जोडून घाट: नव्या सायकलस्वारांसाठी देखभाल, ब्रेक आणि वैतागाचा बंदोबस्त

सायकलमागे ट्रेलर जोडून सपाटीवर फिरणं फारसं अवघड नाही. तासाभरात सवय होते आणि दुपारपर्यंत मागे काही जोडलंय हेच डोक्यातून जातं. घाटात मात्र ते डोक्यातून जाऊन चालत नाही. चढावर ट्रेलर मागे ओढतो, उतारावर पाठीत ढकलतो आणि वळणावर तिसरीकडेच जायला बघतो.

घाटात ट्रेलरचं जे काही बिघडतं, त्याची चाहूल बहुतेक वेळा आधी लागलेली असते. जोडातून टकटक आवाज येतो, ब्रेकची मूठ नेहमीपेक्षा आत जाते, टायर मऊ वाटतो. तरी माणूस थांबून बघत नाही, कारण तेव्हा तो वैतागलेला असतो. ऊन डोक्यावर आलेलं असतं, मागचा ट्रक हॉर्न सोडत नसतो, आणि ‘आता एवढं वळण झालं की बघू’ असं स्वतःला सांगणं सोपं असतं. म्हणून तपासणी मनावर सोपवायची नाही, तिच्या जागा ठरवून टाकायच्या: घरी, पायथ्याला, प्रत्येक थांब्यानंतर, माथ्यावर आणि उतारात ठरावीक टप्प्यांवर. हा लेख त्याच क्रमाने जातो.

सरावासाठी पसरणीचा घाट धरू. वाई ते पाचगणी १२-१३ किलोमीटर, त्यात सुमारे साडेपाचशे मीटर चढ. चढ बऱ्यापैकी एकसारखा आहे आणि पायथ्याला वाईसारखं गाव आहे. फक्त शनिवार-रविवार आणि जोडून सुट्ट्या आलेले दिवस टाळा. मंगळवारी सकाळी सातला तोच रस्ता वेगळा वाटतो. मनाली-लेह रस्ता आणि त्यावरच्या गाटा लूप्सची २१ वळणं डोळ्यांसमोर ठेवून ट्रेलर घेणारे बरेच असतात. त्यांनीही आधी पसरणी करावी.

ट्रेलर कुठल्या जातीचा आहे

एकचाकी ट्रेलर लांबट आणि अरुंद असतो, सायकलच्या मागच्या ॲक्सलला दोन्ही बाजूंनी धरतो आणि वळताना सायकलबरोबर तिरका होतो. त्याची मर्यादा बहुधा ३० किलोच्या आसपास असते. दोनचाकी ट्रेलर एका दांड्याने, बहुतेक करून सायकलच्या डाव्या अंगाला, जोडला जातो. सायकल तिरकी झाली तरी तो सरळ राहतो. त्यात सामान जास्त मावतं, पण तो उलटूही शकतो.

आपल्या घाटांसाठी मी एकचाकीच्या बाजूचा आहे. त्याचं चाक सायकलच्याच मागावरून जातं, म्हणजे तुम्ही चुकवलेला खड्डा तोही बहुतेक चुकवतो. दोनचाकी जोडला की रस्त्यावर तीन माग तयार होतात आणि त्यातला एक खड्ड्यात जातोच. शिवाय रुंदीमुळे मागच्या गाड्या अडकून राहतात आणि अडकलेला गाडीवाला कुठे ओव्हरटेक करेल याचा नेम नसतो. एकचाकीचा तोटा असा की त्यातलं वजन तुमच्या तोलावर येतं. थांबताना सायकल एका बाजूला कलली की ट्रेलरही तिकडेच पाडतो.

मुलांना बसवायचा ट्रेलर घाटात नेऊ नका. बागेत, सोसायटीत, शांत सपाट रस्त्यावर जरूर फिरवा. घाटात त्या मुलाचं डोकं मोटारीच्या बंपरच्या उंचीला येतं, पुढे एवढंच लक्षात ठेवा.

पहिली पायरी: जोड

घरच्या तपासणीतला निम्मा वेळ जोडावर, म्हणजे हिचवर, जाऊ द्या. बाकीच्या गोष्टी बिघडल्या तर खोळंबा होतो. जोड सुटला तर ट्रेलर तुमचा राहत नाही, तो मागून येणाऱ्याच्या अंगावर जातो.

सुरुवात ॲक्सलपासून. दोनचाकी ट्रेलरची धातूची पट्टी ॲक्सलवर, फ्रेमच्या बाहेरून बसते. तिच्या जाडीमुळे मूळचा क्विक रिलीज दांडा (पान्याशिवाय चाक काढता येतं तो) आखूड पडू शकतो. नट निदान ५ पूर्ण फेरे आत गेला पाहिजे. तीन फेऱ्यांत घट्ट वाटला म्हणून खूश होऊ नका, लांब दांडा मागवा. थ्रू ॲक्सलची (म्हणजे आरपार जाऊन फ्रेमच्या आट्यांत बसणाऱ्या जाड ॲक्सलची) सायकल असेल तर आणखी एक भानगड आहे. १२ मिलिमीटर जाडीच्या ॲक्सलला आटे तीन तऱ्हेचे येतात: १.०, १.५ आणि १.७५ मिलिमीटर अंतराचे. चुकीचा ॲक्सल दोन फेरे गोडीत जातो, मग अडतो, आणि जोर लावला की फ्रेममधले आटे खातो. जुना ॲक्सल काढून दुकानात घेऊन जा आणि त्याच्याशी ताडूनच नवा घ्या. कार्बन फ्रेम असेल तर माहितीपुस्तक आधी वाचा, कारण अनेक उत्पादक कार्बन फ्रेमला ट्रेलर लावायला मनाई करतात.

आता ट्रेलर जोडा. एक हात सीटवर, दुसरा ट्रेलरच्या दांड्यावर ठेवून वर-खाली आणि आडवं हलवा. जोडात रबराचा तुकडा असेल तर तो थोडा लवचीक वाटेल, ते ठीक. पण धातूवर धातू आपटल्याचा ‘टक’ ऐकू आला तर तो कुठून येतो ते शोधल्याशिवाय उठायचं नाही. रबर वाकवून बघा. बाल्कनीत उन्हात ठेवलेल्या ट्रेलरच्या रबराला बारीक भेगा पडलेल्या असतात आणि त्या वाकवल्यावरच दिसतात. एकचाकीच्या बाबतीत पुढच्या उभ्या खिळ्याचं बुश (खिळा ज्यात फिरतो ती नळी) झिजतं. तिथे खेळ वाढला की उतारावर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो.

पिना जोडाला दोरीने बांधून ठेवा म्हणजे हरवत नाहीत. जादाच्या दोन जवळ असू द्या. पिन हरवली म्हणून तार पिळून बसवली, हे सपाटीवर पुढच्या गावापर्यंत एक वेळ चालेल. उतारावर नाही. दोनचाकीला सुरक्षेचा पट्टा येतो, तो फ्रेमच्या मागच्या नळीभोवती इतका आखूड बांधा की जोड सुटला तरी दांडा रस्त्याला टेकू नये. तो पट्टा न लावणारे खूप दिसतात. ‘जोड मजबूत आहे’ हे त्यांचं कारण. पट्टा जोड मजबूत नसेल त्या दिवसासाठीच दिलेला असतो.

एक स्वस्त युक्ती: जोडाचे सगळे नट नीट आवळल्यावर नट आणि खालच्या पट्टीवरून एकच सरळ रेघ नेलपॉलिशने ओढा. नट हलला की रेघ तुटते. मग रस्त्यात पाना काढायची गरज नाही, वाकून नजर टाकली की कळतं. लाल रंग घ्या, फिकट गुलाबी धुळीत दिसत नाही.

शेवटी वेल्डिंगचे सांधे ओल्या फडक्याने पुसून उजेडात बघा. रंगाला केसाएवढी रेघ आणि तिच्या कडेने गंजाचा तांबूस ओघळ दिसला तर ती तडा आहे. दांडा जिथे वाकतो त्याच्या आतल्या बाजूला हात फिरवायला विसरू नका.

दुसरी पायरी: चाक, छर्रे, हवा

बऱ्याच ट्रेलरना १६ इंची चाक असतं आणि ही आपल्यासाठी चांगली बातमी आहे, कारण लहान मुलांच्या सायकलींमुळे त्या मापाची ट्यूब तालुक्याच्या गावातही मिळते. तरी टायरच्या कडेवर ३०५ हा आकडा आहे का ते बघून घ्या. १६ इंचीच म्हणवणारं दुसरं एक माप ३४९ आहे आणि ते एकमेकांत बसत नाही.

व्हॉल्व्ह मोटारसायकलला असतो तसा असेल तर उत्तम, कुठेही हवा भरता येते. बारीक, सुईसारखा असेल तर पितळी ॲडॉप्टर जवळ ठेवा. महामार्गावरच्या पंक्चरवाल्याकडे एक सावधगिरी: त्याचा कंप्रेसर ट्रकसाठी लावलेला असतो. १६ इंची ट्यूबमध्ये हवा मावते किती! त्याने सवयीने नळी दोन सेकंद धरली की ट्यूब फुटलीच. ‘दादा, मी भरतो’ म्हणून नळी स्वतःच्या हातात घ्या, टिचकीसारखी लावून काढा, अंगठ्याने दाबून बघा. दाब किती ठेवायचा ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. ट्रेलर हलका असेल तर खालच्या आकड्याजवळ राहा, नाहीतर तो प्रत्येक रंबलरवर उड्या मारतो.

चाक हाताने आडवं हलवून बघा. खडखड झाली तर कोन (छर्रे जागेवर धरणारे नट) सैल आहेत. मग ट्रेलर उलटा करून चाक फिरवा आणि कान जवळ न्या. वाळू भरडल्यासारखा आवाज आला तर छर्रे आणि ग्रीस बदलायची वेळ झाली. हे काम कुठलाही जुना सायकलवाला अर्ध्या तासात करून देतो, आणि ‘आऊट’ काढण्यात, म्हणजे डुलणारं चाक सरळ करण्यात तर त्याचा हात धरणारा नाही. आरे जोडीजोडीने बोटांनी दाबा. एखादी जोडी ढिली लागली तर आजच काढून घ्या.

तिसरी पायरी: सामान

जड ते खाली, हलकं वर, डावं-उजवं सारखं. दोनचाकीत जड वस्तू चाकांच्या ॲक्सलच्या किंचित पुढे हव्यात. तपासायची रीत सोपी आहे: भरलेल्या ट्रेलरचा दांडा हाताने उचला. काही किलो वजन हातावर यायला हवं. दांडा आपणहून वर उठायला लागला तर सामान मागे गेलंय. असा ट्रेलर उतारावर सायकलचं मागचं चाक हलकं करतो आणि नेमका तेव्हाच ब्रेक लागत नाही.

पाण्याचे मोठे कॅन टाळा. अर्धा भरलेला पाच लिटरचा कॅन वळणावर आतल्या आत डचमळतो. एक-एक लिटरच्या बाटल्या ठेवा. लवचीक दोऱ्यांवर सगळा भार टाकू नका, त्या ताणतात. पट्टे वापरा आणि पट्ट्यांची लोंबणारी टोकं दुमडून आत खोचा, नाहीतर ती आऱ्यांत जातात.

मर्यादा ३० किलोची असेल तर घाटासाठी २० भरा. मर्यादेचा आकडा कंपनीने महाबळेश्वर-पोलादपूरचा आंबेनळी घाट डोळ्यांसमोर ठेवून छापलेला नसतो.

चौथी पायरी: ब्रेक

इथे थोडं गणित करू. तुम्ही ७० किलो, सायकल १५, ट्रेलर आणि सामान मिळून ३०. एकूण ११५ किलो. हे वजन पाचगणीहून वाईला, म्हणजे साडेपाचशे मीटर खाली आणायचं तर सुमारे ६२० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. दोन लिटर साधं पाणी उकळी येईपर्यंत तापवायला लागते तेवढी ही उष्णता आहे. ट्रेलर नसता तर दीड लिटर. थोडा वाटा हवा आणि टायर उचलतात, पण तुम्ही हळू उतरत असाल तर बाकी सगळं ब्रेकच्या त्या चार छोट्या तुकड्यांवर येतं. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना तर खाली यायचं अंतर याच्या दुपटीहून जास्त आहे.

रिमब्रेक असेल तर ही उष्णता रिममध्ये जाते. रिम तापली की आतली हवा तापते, दाब वाढतो आणि ट्यूब फुटू शकते. रिमच्या घासणाऱ्या बाजूवरून नख फिरवा. खोलगट लागली तर रिम झिजली आहे, ती घाटात नेऊ नका. रबरात अडकलेले धातूचे कण सुईने काढा.

डिस्कब्रेक असेल तर पॅड काढून त्यावरचा घासणारा थर बघा. तो अर्ध्या मिलिमीटरवर आला की पॅड संपला असं अनेक उत्पादक सांगतात. घाटाला निघताना त्याच्या दुप्पट थर असेल तरच निघा, कारण वाटेत थांबून पॅड बदलायचा उत्साह कुणालाच नसतो. धातूमिश्रित पॅड उष्णता जास्त सोसतात, पण रोटरवर (पॅड घासतात त्या चाकावरच्या चकतीवर) ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असेल तर ते लावू नका, रोटर खराब होईल. नवे पॅड बसवले की घाटाआधी सपाटीवर वेगातून वीस-पंचवीस वेळा हळूहळू ब्रेक दाबून ते रोटरशी जुळवून घ्या. हायड्रॉलिक ब्रेकचं तेल भरायचं असेल तर आपल्या ब्रेकला कुठलं लागतं ते आधी बघा. मिनरल ऑइल आणि डॉट तेल एकमेकांच्या जागी चालत नाही, रबरी सील फुगतात.

साखळीला तेल देताना रोटरवर उडू देऊ नका. उडालंच तर पॅड बहुधा गेले असं समजा.

पायथ्याशी

निघण्याआधी मोकळ्या जागी भरलेल्या ट्रेलरसह एक फेरी मारा. तीन गोष्टी करून बघा: सरळ जाताना जोराचा ब्रेक, दोन्हीकडे अरुंद वळण, आणि हळू वेगात स्पीडब्रेकर. वळताना लक्षात येईल की ट्रेलर आतल्या बाजूने रस्ता कापतो. हेअरपिनवर आतली बाजू म्हणजे कधी कठडा, कधी गटार, म्हणून तेवढी जागा सोडून वळायची सवय इथेच लावा.

उंच नारंगी झेंडा, मागे लाल दिवा, लाल परावर्तक पट्ट्या. दिवा दिवसाही चालू ठेवा. झेंडा रस्त्याच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे लावलात तर गाड्या हातभर लांबून जातात असा माझा अनुभव आहे.

पावसाळ्यात ट्रेलर घेऊन घाटात जाऊ नका. धुकं, दरडी, पाण्याखाली दडलेले खड्डे. वरंधसारखे घाट तर दरडींमुळे पावसाळ्यात वाहतुकीला बंदही ठेवले जातात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. फक्त तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात उसाचा हंगाम असतो. ट्रॅक्टरमागच्या दोन-दोन ट्रॉल्या, त्यांना बहुतेक वेळा मागे दिवा नाही, आणि रस्त्यावर सांडलेली उसाची कांडकी. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा.

चढ

पुढची सर्वांत लहान आणि मागची सर्वांत मोठी चकती लावूनही दम लागत असेल तर उतरून ढकला, त्यात कमीपणा नाही. उभं राहून पॅडल मारू नका. सायकल डावी-उजवी हलली की एकचाकी ट्रेलर प्रत्येक हेलकावा उशिरा आणि मोठा करून परत देतो. बसून, हलक्या गिअरवर, सावकाश.

साइडपट्टीवर उतरावं लागलं तर सावध राहा. डांबराची कड कधी चार बोटं, कधी वीतभर उंच असते. परत वर येताना कडेला समांतर राहून चाक चढवायचा प्रयत्न केलात तर पुढचं चाक चढतं, ट्रेलरचं घासत राहतं आणि तुम्ही रस्त्याच्या मध्ये पडता. थांबा, उतरा, उचलून वर घ्या.

चढावर पुन्हा सुरू करणं हे नव्यांचं मोठं दुखणं आहे. मोरी किंवा वळणाआधीचा थोडा सपाट तुकडा बघूनच थांबलात तर निम्मं काम झालं. थांबल्यावर ब्रेकची मूठ वेल्क्रोच्या पट्टीने आवळून ठेवा आणि ट्रेलरच्या चाकाखाली दगड लावा. निघताना दगड बाजूला टाकायला विसरू नका. घाटात वळणावर पडलेले निम्मे दगड गाड्यांना लावलेलेच असतात आणि मागून येणारा दुचाकीवाला त्यावर जातो.

लोक, माकडं आणि बाकीचा वैताग

हॉर्नचं मनावर घेऊ नका. ट्रक आणि एसटीचे ड्रायव्हर हॉर्न वाजवतात ते ‘मी आलोय’ सांगायला, आणि त्यातले बहुतेक जण वळण संपेपर्यंत मागे थांबतात. त्रास होतो तो सुट्टीला निघालेल्या मोटारींचा. काच खाली करून फोनवर शूटिंग करत तुमच्या बरोबरीने गाडी चालवणारा भेटला तर त्याच्याकडे न बघता हाताने ‘पुढे जा’ करा. तरी रेंगाळला तर कडेला थांबा. वाद घालत पॅडल मारताना जोडाचा आवाज ऐकू येत नाही.

चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी असा घाटातला नियमच आहे. अरुंद जागी समोरून उतरणारा अंगावर येत असेल तर तुम्ही बरोबर असता. तरीही थांबा. बरोबर असल्याचा कठड्यापलीकडे उपयोग नाही.

मग प्रश्न. चहाच्या टपरीवर सायकल लावली की पाच मिनिटांत माणसं जमतात.

‘पावणं, ह्यात काय हाय? ल्हान पोर?’

‘नाही हो मामा, तंबू आणि कपडे.’

‘आन् हे चाक वेगळं का? मोटार हाय का त्याला?’

‘नाही, नुसतं ओढायचं.’

‘मंग येष्टीनं का न्हाई आला?’

याला उत्तर नाही. हसून चहा घ्यायचा. माणसं चांगली असतात, पाणी देतात, पुढचा रस्ता सांगतात, कधी चहाचे पैसे घेत नाहीत. फक्त एवढं लक्षात ठेवा: तुम्ही पाठ फिरवली की कुणीतरी जोडाची पिन ओढून बघतं, क्विक रिलीजचा दांडा उघड-बंद करून बघतं, आणि पोरं ट्रेलरवर बसतात. कुणाच्या मनात वाईट नसतं. म्हणून प्रत्येक थांब्यानंतर निघताना पिन, दांडा, पट्टा या तिन्हींना हात लावायचाच. नजर टाकून भागत नाही, हात लावायचा. चहाला उशीर झाला म्हणून घाईने निघाल तेव्हा तर नक्कीच.

माकडांची गोष्ट वेगळी, त्यांच्या मनात निश्चित काहीतरी असतं. पाचगणी-महाबळेश्वर, आंबोली, माळशेज, कुठेही केळी आणि बिस्किटं ट्रेलरच्या वरच्या कप्प्यात ठेवू नका. चेन उघडता येत नसेल तर ती कापड फाडतात. खाण्याचं सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात आणि डबा पिशवीच्या तळाशी. माकड ट्रेलरवर बसलं तर हिसकाहिसकी करू नका. लांब उभे राहा, ते कंटाळून जातं.

माथा आणि उतार

माथ्यावर पोचल्यावर जीव हलका होतो, फोटो होतात, आणि इथेच तपासणी हमखास राहते. पाचगणीत फोटोआधी पाच मिनिटं द्या: नेलपॉलिशच्या रेघा, पिना, पट्टा, ट्रेलरच्या टायरची हवा, दोन्ही ब्रेकच्या मुठी. मूठ हँडलला टेकत असेल तर उतरायचं नाही, आधी वायर ताणायची.

उतारात वेग किती? दोनचाकी ट्रेलरचे काही उत्पादक सरळ चांगल्या रस्त्यावर ताशी २५ आणि वळणावर किंवा खराब रस्त्यावर ताशी ८ किलोमीटर अशी मर्यादा छापतात. आपल्या ट्रेलरवर काय लिहिलंय ते वाचा. नव्याने घाटात एकचाकीलाही २५ पुरे. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते.

ब्रेक वळणाआधी, सायकल सरळ असताना मारायचा. वळणात तो हलका सोडायचा. तिरक्या सायकलवर जोरात ब्रेक मारलात तर मागचा ट्रेलर थांबत नाही, तो सायकलच्या मागच्या चाकाला बाजूला ढकलतो आणि दोघांची घडी पडते. दोनचाकीत आणखी एक धोका: वळताना आतलं चाक दगडावर किंवा रंबलरच्या कडेवर चढलं तर ट्रेलर बाहेरच्या बाजूला उलटतो. रंबलर नेहमी सरळ रेषेत आणि हळू ओलांडा.

सतत ब्रेक दाबून उतरू नका. दाबा, वेग पाडा, सोडा, हवा लागू द्या. पुढचा-मागचा दोन्ही वापरा. मागच्या एकट्यावर भिस्त ठेवली तर चाक घसटतं. आणि दर दीड-दोनशे मीटर उंची उतरल्यावर थांबा. पसरणीत म्हणजे तीन थांबे झाले. महाबळेश्वर-पोलादपूर रस्त्यावर कुंभरोशीला, प्रतापगडचा फाटा लागतो तिथे, जेवणाएवढी विश्रांती घेणं बरं. खंडाळ्याहून खोपोलीला उतरत असाल (जुन्या रस्त्याने, एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी आहे) तर शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबा. इंग्रजांना बोरघाटाची वाट दाखवणाऱ्या या धनगराला नाणं टाकून पुढे जायची रीत आहे. तेवढ्यात ब्रेकही निवतात.

थांबल्यावर रोटरला किंवा रिमला बोट लावू नका, भाजतं. पाणीही ओतू नका, तापलेला रोटर वाकडा होतो. हायड्रॉलिक ब्रेकची मूठ अचानक मऊ पडली तर तेल अति तापलंय. निदान वीस मिनिटं थांबा, मूठ परत टणक झाली तरच निघा. करपट वास आला तर वेळ दुप्पट करा.

ट्रेलर शेपूट हलवायला लागला तर करकचून ब्रेक मारण्याचा मोह आवरा. हँडल सैल पण स्थिर धरा, सीटवर नीट बसा, सरळ राहून मागच्या ब्रेकने हळूहळू वेग कमी करा. थांबल्यावर कारण शोधा: सैल जोड, मऊ टायर किंवा वर गेलेलं वजन, या तिन्हींपैकी एक बहुधा सापडतंच. सापडलं नाही तर वाईपर्यंत चालत उतरा.

मोडलंच तर

सोबत एवढं असू द्या: ट्रेलरची एक जादा ट्यूब, पंक्चरचं साहित्य, पंप, ॲलन कीचा संच, एक पाना, पक्कड, दोन पिना, पॅडची एक जोडी, झिपटाय, मीटरभर जाड पट्टा आणि मेणकापडाचा तुकडा. शेवटची वस्तू कशाला, हे दुपारी दोनला डांबरावर गुडघे टेकून पंक्चर काढताना कळतं.

दांड्याला तडा गेला आणि ट्रेलर लोखंडी असेल तर घाटाखालच्या बहुतेक मोठ्या गावांत गेट-ग्रील करणारा वेल्डर मिळतो. त्याला आधीच सांगा की नळी पातळ आहे, करंट कमी ठेवा, बारीक कांडी वापरा. नाहीतर तडा बुजायच्या ऐवजी भोक पडतं. ट्रेलर सायकलपासून सोडवून वेल्डिंगला द्या. ॲल्युमिनियमचा असेल तर गावात प्रयत्न करू नका. वेल्डिंग केलेल्या दांड्यावर सपाटीने घरी जा, दुसरा घाट चढू नका.

तेही जमत नसेल तर छोटा हत्ती बघा. सामान चढवण्याआधी भाडं ठरवा, रिकामा परतणारा मिळाला तर स्वस्तात पडतं. ट्रेलर सायकलपासून सोडवून वेगळा ठेवा, सायकल गिअरची बाजू वर करून आडवी टाका, आणि काढलेल्या पिना खिशात घाला. टेम्पोच्या हौद्यात पडलेली पिन परत मिळत नाही.